लाईट गेल्यानंतरचा सिनेमा

आयुष्यात एकाच सिनेमाने मला वेळोवेळी उभं केलं, आणि तो मी अकरा वर्षं अर्धाच पाहिलेला होता.

१९९८ सालचा जून. दहावीच्या निकालात गणिताने माझी दांडी गुल केली होती. मी आईला सांगून टाकलं, पुस्तकं बास झाली, आता तुझी पाटी मी डोक्यावर घेते. आई मालवणच्या आसपासच्या वाड्यांतून मासळी विकायची. पावसात होड्या बंद, म्हणून तेव्हा सुके बांगडे. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. शेजाऱ्यांकडे रविवारचा सिनेमा बघायला मात्र मला ओढत घेऊन गेली.

सिनेमा जुना, काळापांढरा. एका नावाड्याची मुलगी. बाप गेल्यावर होडी तिच्याकडे येते, पण बाईमाणसाच्या होडीत बसायला गाव तयार नाही. ही हट्टी. रोज रिकामी होडी पलीकडे नेते आणि परत आणते. शेवटी नदीला पूर येतो, एका अडलेल्या बाईला पलीकडे न्यायचं असतं, सगळे हिच्याकडे बघतात, ही वल्हं उचलते... आणि आमची लाईट गेली.

मी तिथेच रडायला लागले. निकालाच्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आई विक्री करून आली ती पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली, "गो, शेवट इचारून इलंय. बाजाराकडच्या मास्तरणीकडे लाईट व्हती."

मग ओसरीवर बसून तिने पुराचं पाणी, वारा, त्या बाईचं कण्हणं, सगळं साग्रसंगीत सांगितलं. माझे आजोबा दशावतारात काम करायचे. तिथे गोष्ट ठाऊक असते, बोलणं उभ्या उभ्या रचायचं. आईची सांगायची हातोटी तिकडचीच. होडी मध्यावर डुगडुगली, माणसं ओरडली, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "गप बसा! नदी माज्या वळखीची आसा." आणि होडी पलीकडे लागली.

ते वाक्य मी गाठीशी बांधलं. ऑक्टोबरात गणिताचा पेपर हातात आला तेव्हा मनात म्हटलं, गप बस, नदी वळखीची आसा. सुटले, पण काठावर. बारावी करून सावंतवाडीला डी.एड.ला गेले. तिथल्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. पहिला पाठ घ्यायला उभी राहिले, पुन्हा तेच वाक्य. पुढे खारेपाटणजवळच्या शाळेत नोकरी लागली. पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि शिकवायला मी एकटी. पहिल्या दिवशी सकाळी तर ते माझ्या तोंडून मोठ्यानेच निघालं. पोरं आधी दचकली, मग हसली.

२००९च्या दिवाळीत गावी जाताना तळेऱ्याच्या नाक्यावर एका दुकानात त्या सिनेमाची सीडी दिसली. घरी पोचल्या पोचल्या लावली आणि आईला शेजारी बसवलं. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"कित्याक जुना उकरून काढतंस?" म्हणाली. दोनदा आमटी ढवळून आली.

पूर आला. मुलीने वल्हं उचललं. तेवढ्यात मागून पाटलाचा मुलगा आला, त्याने तिच्या हातातलं वल्हं काढून घेतलं आणि होडी तोच घेऊन गेला. ती काठावर हात जोडून उभी. मग सनई, लग्न, समाप्त. तिला शेवटी एक वाक्यसुद्धा नाही. आणि सिनेमात सगळे पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत होते. मी गाठीशी बांधलेलं वाक्य तर अस्सल मालवणी. अकरा वर्षांत हे माझ्या ध्यानात येऊ नये? गणितात उगाच नापास झाले नव्हते मी.

"आये, मास्तरणीन तुका खोटा सांगल्यान?"

"तिना खराच सांगल्यान. माकाच ता पटाक नाय."

मला राग यायला हवा होता, पण तिच्यावर इतकी माया आधी कधी दाटून आली नव्हती.

"मगे माका कित्याक तसा सांगलंस?"

आईने उठून टीव्ही बंद केला.

"तू माजी पाटी डोक्यार घेवक निघाल्लंस," ती म्हणाली. "तुका पलीकडे कोणी न्हेवक नको?"