दादाची चाकं, माझी चाकं

मंडळी, आज आम्हा दोघा भावांचा पार पोपट झालाय, तरी सकाळपासून हसू थांबत नाहीये.

माझ्या आणि दादाच्या रोड बाइकची चाकं एकाच कंपनीची, पण ब्रँड वेगळे. म्हणजे तीही सख्खी भावंडंच. रिम जवळपास सारखी, फरक स्पोकच्या मांडणीत. दादाच्या चाकात तीन-तीन स्पोकचे झुपके, माझ्या चाकात सगळे सुटेसुटे. कुठली भारी, यावरून आमची रोज जुंपते.

काल संध्याकाळी पालेगावला दादाच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सायकली धुतल्या, चाकं काढून पुसली, परत बसवली. आज सकाळी बारवी रोडला जाऊन आलो. चढावर मी ओरडलो, "बघ, माझी चाकं कशी पळतायत!" उतारावर दादा म्हणाला, "भाई, हा स्मूथनेस तुझ्या डब्यात आहे का?"

सायकली लिफ्टने वर आणल्या, तर वहिनी दारातच थबकली. "अहो, तीन-तीनवाली तुमची ना? मग ती याच्या सायकलला कशी?"

आम्ही खाली चाकांकडे बघितलं. अख्खी राइड एकमेकांच्या चाकांचं कौतुक करत आलो होतो! वहिनी पोहे वाढतानाही हसत होती.

दादा म्हणाला, "राहू दे आता, पुढच्या रविवारी बदलू." मी लगेच हो म्हटलं. खरं सांगू? चढावर ती चाकं खरंच पळत होती. पण हे दादाला सांगायचं कोणी? तुम्ही सांगितलं असतं?