तिसऱ्या गाण्याआधीचा कुकर

रोज सकाळी कुकर चढवला की आत्या ओट्यावर बोटांनी ताल धरायची. शिट्टी यायच्या बेतात आली की उलथन्याच्या टोकाने ती दाबून ठेवायची आणि समेवर सोडायची. असं तीनदा. मग गॅस बंद. आत बटाटे असोत की नुसतं पाणी, शिट्टी कधी चुकली नाही.

ही सवय लागली ती मागच्या खोलीमुळे. ती खोली तिने जोडकाकांना भाड्याने दिली होती. नाचाच्या गाण्यांच्या कॅसेट काढणाऱ्या एका शेठकडे ते कामाला होते. एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला असं बांधायचं की नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये, हे त्यांचं काम, म्हणून ते जोडकाका. स्वतः ते जिनासुद्धा कठड्याला धरून चढत.

दोन गाण्यांच्या मध्ये ते त्याच खोलीत बसून माइकवर "हेऽऽ!" असं ओरडत. 'नॉनस्टॉप धिंगाणा, भाग एक'मध्ये तिसऱ्या गाण्याआधी ते ओरडले आणि त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरातला कुकर तीनदा ओरडला. लक्षात येईपर्यंत कॅसेट बाजारात गेली होती. आता नोकरी जाणार, या धास्तीने जोडकाकांना घास गिळवेना. पण कॅसेट हातोहात खपली. भाग दोन कुकरशिवाय निघाला, तर दुकानदारांनी खोकीच्या खोकी परत पाठवली. गिऱ्हाईक विचारत होतं, "कुकर कुठाय?"

शेठ चपला काढून थेट ओट्याशी आले. "वहिनी, तुमच्याशिवाय आमचा बाजार उठतोय."

"माझ्याशिवाय की कुकरशिवाय?"

"आता त्यात फरक तो काय करायचा?"

फरक होता. पुढे एका समारंभात तीच कॅसेट लागली आणि तिसऱ्या गाण्याआधी सगळ्या हॉलने हात वर करून तोंडाने कुकर वाजवला. आत्या शेजारच्या बाईला हळूच म्हणाली, "तो कुकर माझा आहे."

"हो का?" बाई म्हणाली. "माझाही अगदी तसाच आहे."

घरी येईपर्यंत आत्याने ठरवून टाकलं. कव्हरवर आपलं नाव आलंच पाहिजे.

शेठ दर वेळी म्हणायचे, "पुढच्या भागात नक्की." कव्हरवर नाचणारी एक बाई असायची, जिने उभ्या जन्मात एक शिट्टी दिली नव्हती. भाग सातवर बारीक अक्षरांत छापून आलं, 'खास वाद्य: घरगुती.' आतोबा चष्मा पुसून म्हणाले, "अगं, निदान घर तरी आलं." त्या दिवशी आतोबांच्या ताटात बटाटे कच्चे होते.

कॅसेटच्या सीडी झाल्या. कुकरची रिंग बदलली, आतोबांचे दात बदलले, शिट्टी तीच राहिली. मग गाणी फोनमध्ये शिरली. जो तो आपल्याला हवं ते एकेक गाणं काढून ऐकू लागला. गाणी जोडायचीच नाहीत म्हटल्यावर मध्ये कुकर कोण ठेवणार? दुकानांत सीडींच्या जागी फोनची कव्हरं लटकू लागली.

भाग एकोणीस शेवटचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाचणाऱ्या बाईचा फोटो आता परवडेना, तेव्हा शेठ म्हणाले, "वहिनी, यंदा नुसतं तुमचं नाव. मोठ्या अक्षरांत. आणि कुकर चढवायचीही तसदी नको, जुनी शिट्टी मशीनमध्ये आहे."

"शिळ्या शिट्टीवर माझं नाव नको."

"ऐकणाऱ्याला काय कळतंय हो?"

"मला कळतं ना."

तेव्हा तिचा खांदा धड वर होत नव्हता. आतोबांनी तिचं कोपर धरलं, जोडकाकांनी माइक. तीन शिट्ट्या बिनचूक आल्या आणि कुणी काही बोलायच्या आत चौथीही आली. शिट्टी सैल झाली होती.

"पुसून टाकू?" जोडकाकांनी विचारलं.

आत्याने थोडा विचार केला. "राहू दे. ताजी आहे हे तरी कळेल."

नाव छापून आलं, चांगलं ठसठशीत. सगळी खोकी परत आली, तीही आमच्याच मागच्या खोलीत. आत्याने येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक सीडी दिली, पण ती वाजवायला कुणाच्याच घरी काही उरलं नव्हतं. राहिलेल्या तिने परसातल्या पेरूला बांधल्या, पाखरं येऊ नयेत म्हणून. वारा सुटला की तिचं नाव झाडभर फिरायचं, क्षणात उजेड, क्षणात अक्षरं. पाखरं खुशाल पेरू खायची.

तिच्या शेवटच्या सकाळी आत्या आतल्या खोलीत पडून होती. कुकर मी लावला होता. तिसरी शिट्टी झाली आणि चादरीवरची तिची बोटं थांबली.

"बंद कर गं," ती म्हणाली, "चौथीला बटाटे फुटतात."