मागची मोठी चाकं

आप्पांच्या दोन पायांत एका जोडाच्या चपला मी कधी पाहिल्या नाहीत. डाव्या पायात अंगठ्याची चामडी चप्पल असली, तर उजव्यात निळी रबरी स्लिपर. एक तुटली की ते तेवढीच टाकत आणि घरात उरलेली कुठलीही एक पायात सरकवत. सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या सोसायटीत नवा आलेला माणूस आधी त्यांच्या पायांकडे पाही, मग तोंडाकडे आणि मग पुन्हा पायांकडे. मी पडले शाळेतली बाई, चुका दिसल्या की हात शिवशिवणारी. शेजारी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं. आप्पा हसून म्हणाले, "बाई, पाय चाली ऱ्हायनात ना? मंग चालू द्या."

हे "चालू द्या" त्यांच्या धंद्यातून आलेलं होतं. आप्पा लूमचे मिस्त्री. साक्रीकडच्या एका खेड्यातून तरुणपणी सुरतेला आले आणि मागांच्या खडखडाटातच त्यांचे केस पिकले. एका मागाचा भाग मोडला की ते भंगारातल्या दुसऱ्याचा काढत, कानस मारून बारीक करत, नाहीतर पाचर ठोकून घट्ट बसवत, आणि माग पुन्हा सुरू. नवा भाग मागवणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटे. त्यांच्या घराच्या दाराचं एक फळकूट सागाचं आणि दुसरं पत्र्याचं होतं. दार लागायचं मात्र चोख, हे मला कबूल करावंच लागेल.

घरातली माणसंही तशीच वेगवेगळ्या मापांची. आप्पांची आई, जिला अख्खी गल्ली माय म्हणे, ती अहिराणीखेरीज एक अक्षर बोलत नसे. आप्पांची सून धुळ्याच्या शहराची, ती मराठी बोले. नातवंडं गुजरातीत उत्तरं देत आणि टीव्ही हिंदीत बोले. मायने "भाकर दे वं" म्हटलं की नातीला ते कळलंय की नाही हे आप्पा बघत, आणि नात फुरंगटली की मायला सांगत, "ती हाऊच म्हनस," म्हणजे ती हो म्हणतेय. दिवसभर लूमवर उभं राहून आलेला हा माणूस संध्याकाळी घरात दुभाष्याचं काम करी. दोन्हीकडचा ताण त्यांच्यावर येई, पण तोंडावर कधी दिसत नसे.

त्यांची खरी हौस म्हणजे जीप. लष्कराच्या लिलावातून कुणीतरी घेतलेली आणि आप्पांपर्यंत तिसऱ्या-चौथ्या हाताने आलेली ती फोर व्हीलची जीप होती. एरवी तिची मागची दोनच चाकं ओढत. चिखलात अडकली की आप्पा गिअरच्या बाजूचा लहान दांडा ओढत, मग चारही चाकांना जोर मिळे आणि जीप म्हशीसारखी डुलत बाहेर येई. गल्लीतल्या लग्नांना, बाळंतिणींना, पडलेल्या-झडलेल्यांना तीच जीप. सुरतेत प्लेग आला त्या वेळी अर्धी गल्ली त्यांनी तिच्यातूनच खानदेशात पोचवली होती. "आप्पा, हिला रंग तरी द्या," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलंच.

पुढे माय अंथरुणाला खिळली. पोटात गाठ होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आप्पांना बाहेर बोलावून सांगितलं, आता घरी न्या. आप्पांनी डिंडोलीच्या घरी आणलं. मायने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "हाई मनं घर नही. माले घर ली चाल." गावी तिच्या दारात एक कडुलिंब होता. तिच्या नवऱ्याला त्याच झाडाखालून नेलं होतं आणि आपल्यालाही तिथूनच न्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. आप्पा उशाशी बसून म्हणाले, "लई जास, माय. तुना लिंबखाल लई जास." मी तिथेच होते. आप्पांना कुणाला असा, नेईनच म्हणून शब्द देताना मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

मग ते तयारीला लागले. जीपची मागची बाजू फार आदळते म्हणून कडोदऱ्याच्या टायरवाल्याकडून त्यांनी दोन जुने, जाडजूड, मोठ्या मापाचे टायर आणले आणि फक्त मागे बसवले. पुढचे होते तेच, लहान. जीप ढुंगण वर करून उभी राहिली. आप्पा खुशीत होते. मोठा टायर, जास्त हवा, मायला धक्का कमी, असा त्यांचा हिशेब. शेजारच्या गॅरेजचे रमणभाई येऊन पाहून गेले आणि जाताना बजावलं, "आप्पा, पाछळ मोटां टायर छे, एटले पाकी सडक पर फोर व्हील ना नाखता." पक्क्या रस्त्यावर चारही चाकांचा जोर का लावायचा नाही ते मला कळेना, म्हणून त्यांनी समजावलं. उंच माणूस आणि बुटका माणूस पायाला पाय बांधून चालवले, तर पावलं जुळत नाहीत. तसंच मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं आणि लहान कमी. चिखलात चाक घसरून आपलं आपण जुळवून घेतं. डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळी ओढाताण पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या गिअरपेटीवर येते. आप्पांनी मान डोलावली. पण आयुष्यभर न जुळणारे भाग जुळवून चालवणाऱ्या माणसाची ती मान होती.

निघालो त्या सकाळी गल्लीत गटारासाठी खोदलेलं होतं आणि सगळा राडा झाला होता. आप्पांनी लहान दांडा ओढला, जीप बाहेर आली. मी मागे मायचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, सून पायांशी. पक्का रस्ता लागला तरी आप्पांनी दांडा परत ढकलला नाही. सुनेने आठवण केली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चारी चाकं ओढतील तर मायला धक्का कमी बसंल."

कडोदऱ्यापुढे स्टिअरिंग जड झालं. बारडोलीला तापलेल्या तेलाचा वास येऊ लागला आणि खालून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज. आप्पांनी गाडी थांबवून दांडा ढकलला, तो हलेना. गाडी थोडी मागे घेतली की ताण सुटतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मागे घेतली. जीपने असा हिसका दिला की माय कळवळून ओरडली. आप्पांचा हात दांड्यावरून निघाला. मागे वळून त्यांनी मायकडे पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाले, "चाली ऱ्हायनी ना? चालू द्या." गाडी पुढे निघाली.

माय अधूनमधून डोळे उघडून गाव आलं का ते विचारी, "गाव उनं का रे?" आप्पा पुढूनच म्हणत, "उनंच माय, थोडंसं ऱ्हायनं."

व्यारा मागे पडलं आणि थोड्या वेळाने खालून लोखंड फुटल्याचा आवाज आला. जीप जागच्या जागी रुतल्यासारखी उभी राहिली. ढकलूनही हलेना. चाकंच फिरत नव्हती. आप्पा रस्त्यात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करत होते, एका पायात चप्पल, एका पायात स्लिपर. शेवटी एक टेम्पो थांबला. त्यातली पोती सरकवून जागा करत असतानाच माझ्या मांडीवरचा मायचा श्वास बदलला. मी हाक मारली. आप्पा धावत आले आणि वर चढून त्यांनी तिचा हात धरला.

"गाव उनं का रे?" मायने विचारलं. आवाज जेमतेम ऐकू येत होता.

आप्पांनी बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक वाळकी बाभूळ आणि पंक्चरवाल्याचा रिकामा मांडव. ते म्हणाले, "उनं, माय. तुना लिंब दिखी ऱ्हायना."

"बरं व्हयनं," माय म्हणाली. तेवढंच. माझ्या मांडीवरचं डोकं जड झालं ते मला अजून जाणवतं.

गावी तिला टेम्पोतून नेलं. लिंबाखालून नेलं, पण ते तिला काय कळणार होतं!

जीप ट्रकवर चढवून परत आणली. रमणभाईंनी पेटी उघडली तेव्हा आतले दाते दाढा पडाव्यात तसे निखळून पडलेले होते. आप्पा बराच वेळ ते हातात घेऊन बसले. रमणभाई भला माणूस, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आप्पा, टायरनो वांक नथी. बा तो जवानां ज हतां." टायरचा दोष नाही, आई जाणारच होती.

"जावानीच व्हती," आप्पा म्हणाले, "पन घर जाईसन." जाणारच होती, पण घरी जाऊन.

त्यानंतर महिना गेला. मग एका रविवारी गल्लीने अजब पाहिलं. आप्पांनी जीपला चार कोरे टायर बसवले. चारही एका मापाचे, एका बनावटीचे, रबराचा वास येणारे. पेटी मात्र दुरुस्त केली नाही. जीप गल्लीच्या टोकाला उभीच राहिली. दर रविवारी ते फडका घेऊन चाकं पुसत, पंपाने हवा बघत. पोरं हसत. मला हसू येत नसे, रागच येई, कुणाचा ते मात्र सांगता येत नव्हतं.

माझ्या नवऱ्याची बँकेतून नाशिकला बदली झाली. सामान भरून झालं तेव्हा निरोप घ्यायला मी जीपपाशी गेले. आप्पा वाकून चाक पुसत होते. मी म्हटलं, "आप्पा, आता चाकं तर सारखी झाली. पेटी बसवून घ्या की. गल्लीला लागते जीप."

ते सरळ उभे राहिले. म्हणाले, "कुठं जायाचं, बाई? जिले लई जानं व्हतं, ती तं गई."

 त्यांच्या डोळ्यांत बघवेना म्हणून मी मान खाली घातली, आणि मग तिथेही बघवेना. आप्पांच्या पायांत नव्या चपला होत्या, एकाच जोडाच्या.