देवीच्या पायरीवरचे बूट

देवीच्या देवळात चामड्याचे बूट घालून शिरलेल्या माणसाने तिच्या कृपेविषयी लिहावे का, ही शंका मला बरेच दिवस सतावत होती. तिचे उत्तर मिळाले. दुसरे एक कुतूहल मात्र अजून शमलेले नाही. म्हणून जे घडले ते तसेच लिहितो.

महायुद्धाचे दिवस होते. मी लोणावळ्याच्या शाळेत शिकवत होतो. आमचे घर आंदर मावळातले, भातशेती करणारे. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मला बी. ए. केले, आमच्या घरात शाळेत गेलेला मीच पहिला. हवाई हल्ल्याच्या धास्तीने आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक निघाले, तेव्हा मी आपण होऊन नाव दिले. धडधाकट तरुण पलटणीत गेलेले, त्यामुळे पथकात मास्तर, शिंपी, हलवाई अशीच भरती होती. शिकवायला रेल्वेतून निवृत्त झालेले एक मुसलमान गृहस्थ होते. त्यांना सगळे जमादार म्हणत. लढाईमुळे सामान मिळत नसे. डोक्यावरच्या लोखंडी टोप्या आम्ही पाळीपाळीने घालत असू. बूट मात्र जमादारांनी जुन्या सोबत्यांकडून मागून आणून प्रत्येकाला दिले होते. "टोपी नसली तर बघून घेऊ," ते म्हणत, "पण बुटाशिवाय आगीत पाऊल टाकायचं नाही."

मला सारखे प्रश्न पडत. धूर आधी वरच का साठतो? तेलाच्या भडक्यावर पाणी का चालत नाही? जमादार हसत. "विचारा मास्तर, खुशाल विचारा. पण पंप मारता मारता विचारा, आग काय तुमच्या तासाची घंटा होईपर्यंत थांबणार नाही."

चैत्रातली गोष्ट. कुसगावच्या पलीकडे एका वाडीत गावदेवीची जत्रा होती. दुपारी समईची ज्योत मांडवाच्या कापडाला लागली आणि बघता बघता सभामंडपाचे वासे पेटले. निरोप येताच आम्ही मोटारीसारखे काही नसल्याने बैलगाडीत पंप आणि बादल्या टाकून पळतच निघालो. पोचलो तेव्हा लोक ओरडत होते, "गुरवआबा आत हायेत! मुखवटा आनाया गेलेत!" गुरवआबा म्हणजे देवीची पूजा करणारे, सत्तरीकडे झुकलेले. ते गाभाऱ्याकडे गेले होते आणि परत आले नव्हते.

आणि तेव्हा आम्ही काय केले? पायरीशी पोचलो आणि सगळ्यांनी, कोणी कोणाला न सांगता, खाली बसून बूट काढले. कमरेचे पट्टेही काढले. लहानपणापासूनची सवय, देवळाची पायरी दिसली की हात आपोआप पायाकडे जातो. शिंपी पुढे होता. फुटलेल्या तापल्या कौलावर त्याचा पाय पडला आणि तो किंचाळून मागे कोसळला. मी जमादारांकडे पाहिले. ते पंपाची नळी धरून उभे होते. ओठ हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता.

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. खणखणीत, आमच्याच खोऱ्यातला. "आरं, पायतान कशापायी काढताय? घाला ती! आई काय परकी हाय व्हय? लेकराचा पाय भाजल्याला तिला बघवंल व्हय?" मी वळून पाहिले. धुरात हिरवे लुगडे आणि हातातले ओटीचे ताट एवढेच दिसले. "बघतोस काय? आबा आत हाय!"

मी बूट चढवले. हलवायानेही चढवले. ओले फडके तोंडाला बांधून आम्ही आत शिरलो आणि शिकवल्याप्रमाणे कमरेत वाकून धुराखालून पुढे सरकलो. पायांखाली निखारे चुरत होते. पुढचे दिसत नव्हते. मनात एकच होते, की आता मी काही जाणत नाही, तूच वाट दाखव. गाभाऱ्याच्या उंबऱ्याजवळ माझा पाय कशात तरी अडकला. हाताने चाचपले तर आबा! छातीशी मुखवटा धरून पालथे पडलेले. आम्ही दोघांनी त्यांना ओढत बाहेर आणले. थोड्याच वेळात मधला वासा खाली आला.

ती बाई मग कोणालाच सापडली नाही. मी खूप विचारले. बांगड्यांचे दुकान मांडलेली मावशी म्हणाली, "जत्रंत हिरवी लुगडी काय थोडी व्हती?" जमादार म्हणाले, "आवाज ऐकला, माणूस नाही पाहिला." मग ते म्हणाले, "मास्तर, माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तुमच्या देवाच्या दारात मी कोण 'बूट घाला' म्हणणारा? जीभच उचलली नाही. कुणीतरी बोललं, फार उपकार झाले." ती आंदर मावळातून चालत आलेली कोणी माउली असेल. आणखी कोणी असेल. मला जाणून घ्यायला आवडेल, पण त्याच्यावाचून अडत नाही.

आबा बरे झाल्यावर मी वाडीवर गेलो. छप्पर नसलेल्या मंडपात ते उन्हाला बसले होते, हाताला पट्टी होती. मी अनवाणी पायरीशीच उभा राहिलो आणि विचारले, "आबा, चामडं घालून आत आलो होतो. प्रायश्चित्त काय घेऊ?"

आबा खोकत खोकत हसू लागले. "मास्तर, तुमाला ठावं न्हाई व्हय? धुरात मला वरचं कायबी दिसंना. पार भुईसरशी तुमचं बूट तेवडं दिसलं. येका हातात आई व्हती, दुसऱ्या हातानं म्या तेच घट्ट धरलं. तुमचा पाय आडाकला न्हवता, म्या धरला व्हता. आता तुमीच सांगा, पराचित कुनी घ्यायचं?"

मी वर जाऊन त्यांच्यापुढे वाकलो. पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला. तिच्या दारात काय उतरवायचे आणि काय घेऊन आत यायचे, हे तिचे तिला ठाऊक. आपण तिच्या हाकेला ओ द्यावी, एवढेच मला कळले.