मावसाजींचं पाकीट आणि माझी डिक्की

भंडारा जिल्ह्यात बायकोशी भांडण झालं म्हणून तिला पोस्टकार्ड टाकणारा माणूस एकच असेल, आणि ते आमचे मावसाजी आहेत. सानगडीच्या त्यांच्या घरात मावशी चुलीपाशी, मावसाजी ओसरीवर, मधे एक उंबरठा; तरी हे कार्ड लिहिणार, सायकलवर जाऊन पेटीत टाकणार, आणि दोन-तीन दिवसांनी पोस्टमन तेच कार्ड त्याच घरात आणून देणार. मी एकदा विचारलं, "मावसाजी, तोंडानं बोलत काहून नाही?" तर म्हणाले, "तोंडानं बोललं का भांडण वाढते गा. कार्ड येईपर्यंत तिचा राग निवते, माहा बी निवते. मंग दोघं मिळून वाचतो." आतून मावशी म्हणाली, "वाचते मी. हे नुसते आपलं अक्षर पाहून खूश होऊन राहतात!"

हा नाद त्यांना चिखल्याच्या मँगनीज खाणीत लागला. तिथं ते सोबत्यांची पत्रं लिहून द्यायचे. आता निवृत्त होऊन धानाची शेती करतात आणि कापणी झाली की प्रत्येक नातेवाइकाला पाकिटातून नव्या धानाची एक लोंबी पाठवतात. माझ्या नागपूरच्या फ्लॅटपर्यंत ती पोचते तेव्हा तिचे चार दाणे आणि भुसा झालेला असतो. आलेलं पत्र ते तीनदा वाचतात: एकदा दारात उभ्यानं, एकदा चहासोबत, एकदा मावशीला ऐकवत. मी मात्र उत्तरादाखल फोन करायचो. "मावसाजी, पत्र मिळालं!" पलीकडून ठरलेला प्रश्न यायचा, "हे झालं बोलणं. उत्तर कुठी आहे?" "लिहून राहिलो," असं मी त्यांना पंधरा वर्षं सांगत आलो.

मागच्या दिवाळीत मी सानगडीहून निघालो तेव्हा त्यांनी एक बंद पाकीट माझ्या हातात दिलं. पत्ता चिखल्याच्या त्यांच्या जिवलग सोबत्याचा. खाणीत दोघं एका डब्यात जेवलेले; पण त्या सोबत्याच्या मुलीच्या लग्नात मावसाजी पंगतीत जरा मोठ्यानं म्हणाले, "भाजीत मीठ नाही!" आणि ते व्याह्यांपर्यंत ऐकू गेलं. तेव्हापासून तीन वर्षं चिखल्याहून पत्र नव्हतं. "माफी मागतली आहे बाबू. सुट्ट्यांत इथली पेटी उघडत नाही, नागपूरले टाक." मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "पोचलंच समजा." आणि पाकीट स्कूटरच्या डिक्कीत टाकलं.

संक्रांतीला फोन केला तर आवाज पडलेला. "त्याचं उत्तर नाही आलं गा. माफी बी नाही घेतली त्यानं." मी तत्त्वज्ञाचा सूर लावून म्हणालो, "मावसाजी, काही माणसांचं मनच लहान असते." नंतर मावशीनं फोन घेतला. "लिहिणं बंद झालं रे त्यांचं. आता भांडण झालं तरी कार्ड नाही टाकत. नुसते चूप बसतात."

होळीच्या सुमारास स्कूटर पंक्चर झाली. पंक्चरवाल्यानं डिक्की रिकामी केली आणि रेनकोटाखालून ते पाकीट निघालं. हलवलं तर आत लोंबी खुळखुळली. लहान मन कोणाचं, ते मला भर रस्त्यात कळलं. गुपचूप पेटीत टाकून मोकळं व्हावं, हा विचार पहिला आला, हे कबूल करतो. पण चूक कोणाची हे त्या दोन म्हाताऱ्यांना कळायला हवं होतं, आणि मावसाजींच्या कायद्यात फोन म्हणजे नुसतं बोलणं. तीन कागद फाडून मी दोन पत्रं लिहिली: एक चिखल्याला, त्या पाकिटासोबत, एक सानगडीला.

बारा दिवसांनी उत्तर आलं. मी ते दारात उभ्यानंच वाचलं. "तुझं पयलं पत्र मिळालं. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण तुझं आहे. तुझ्यावर राग होता, म्हणून आठ दिवस थांबून लिहून राहिलो. चिखल्याहून उत्तर आलं. तो लिहिते का मीठ खरंच कमी होतं. पुढल्या सोमवारी तो येऊन राहिला. भाजी मावशी करन, मीठ तो टाकन. तुझं पत्र मावशीनं माझ्या पत्रांच्या डब्यात सगळ्यात वर ठेवलं आहे."

पाकिटातून चार दाणे पडले. चहासोबत दुसऱ्यांदा वाचताना दिसलं, त्यांच्या ओळी आता उजवीकडे खाली उतरत जातात. पूर्वी पट्टीनं आखल्यासारख्या असायच्या. सवयीनं फोन हातात घेतला होता, तो ठेवून दिला. उत्तर लिहायला संध्याकाळ लागली. मग पाकीट सदऱ्याच्या वरच्या खिशात घातलं आणि पेटीपर्यंत पायीच गेलो.