ग्रंथाप्रमाणे चार प्लग

हातातला कप आधी बशीत ठेवा. मागच्या खेपेस हा प्रसंग सांगत असताना एका सद्गृहस्थांना ऐन घोटात ठसका लागला आणि त्यांचा पांढराशुभ्र सदरा कायमचा बदामी झाला. पुन्हा तो दोष माझ्या माथी नको. या माथ्यावर आधीच पुष्कळ आहे.

छत्तीस वर्षे मी वसईच्या एका शाळेत संस्कृत शिकवले. दुसऱ्याची चूक दिसली की माझा उजवा हात आपोआप तांबड्या शाईकडे जातो. निवृत्त झालो, शाई वाळली, हात मात्र तसाच राहिला. पुढचा सगळा अनर्थ त्या हाताचा आहे.

माझा भाचा निनाद आगाशीचा. घरची केळीची आणि पानवेलीची बाग, पण याचा जीव यंत्रांत. त्याने एक जुना पिकअप ट्रक घेतला, त्यात पेट्रोलचे दणकट इंजिन बसवले, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून त्या इंजिनाला टर्बो जोडला.

"टर्बो म्हणजे नेमके काय रे?" मी विचारले.

"मामा, इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. सिंपल!"

पंगतीत व्याह्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढतात, त्यातलाच हा प्रकार. मला समजले. म्हणजे, समजले असे मला वाटले.

मेअखेरची गोष्ट. पाचूबंदरच्या इनासभाऊंची होडी पावसाआधी किनाऱ्यावर ओढून घ्यायची होती. त्यांच्या घरासमोरच्या अरुंद जागेत ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून हे काम निनादच्या ट्रकला मिळाले. बंदर आमच्या घरापासून जवळ. त्यामुळे ट्रक आमच्या अंगणात उभा करून निनाद एका मित्राच्या लग्नाला पुण्याला निघाला.

"शनिवारी दुपारची भरती आहे, मामा. मी सकाळी डायरेक्ट बंदरावर येतो, तुम्ही फक्त गाडी तिथे आणा. मधे एकदा आगाशीपर्यंत चक्कर मारा, बस. आणि बॉनेट उघडायचं नाही."

"का बरे?"

"प्लीज, मामा."

आता हे कारण झाले का? विनंती म्हणजे कारण नव्हे!

दुसऱ्याच दिवशी इनासभाऊ दारात उभे. साठीचे गृहस्थ, उन्हाने रापलेले, चेहऱ्यावर चिंता.

"मास्तर, पोराला सांगा, शनवार चुकवू नको. बुडाची फली सुटलीय. रोज बालदीनं पानी उपसतोय. ह्ये उधान गेलं का पुढचं पंधरा दिसांनी. तवर दर्या खवलला तं होडी हितल्या हितं फुटंल."

"निश्चिंत असा," मी म्हणालो. "मी जातीने लक्ष घालतो."

हेच ते वाक्य. याच क्षणी इनासभाऊंनी मला एखाद्या खांबाला बांधून ठेवले असते, तर बरे झाले असते.

लक्ष घालायचे तर सुरुवात वाचनापासून. ट्रकच्या खणात इंजिनाचे माहितीपुस्तक सापडले. पाने एकमेकांना चिकटलेली. म्हणजे जन्मल्यापासून कोणी उघडलेले नाही! मी पोस्टकार्डाच्या कडेने पाने अलग केली आणि दोन दिवसांत ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यात स्पार्क प्लगविषयी स्वच्छ लिहिले होते: अमुक क्रमांकाचा प्लग वापरावा, आणि त्याच्या दोन टोकांमधले अंतर शून्य दशांश नऊ मिलिमीटर असावे.

मनात आले, पडताळून पाहावे. केवळ पडताळून हो! स्कूटरचा प्लग काढून पुसणे हा आमच्या पिढीचा सतरावा संस्कार होता. त्यामुळे प्लगपाना हाती घ्यायला मला भीती वाटली नाही. बॉनेट उघडले. चारही प्लग काढले. निनादच्या हत्यारपेटीत अंतर मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या होत्या, त्या घातल्या.

शून्य दशांश सहा! चारही! आणि क्रमांकसुद्धा भलताच!

मी अंगणातच खाली बसलो. ग्रंथ एक सांगतो आणि भाचा दुसरेच करतो! पोरगा हुशार, पण उतावळा. कुठल्याशा गॅरेजवाल्याने हाती दिले ते बसवले असणार. अशा वेळी जाणत्याचे कर्तव्य काय? मूळ पाठ पुनःस्थापित करणे.

सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पुस्तकातला क्रमांक पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

"काका, गाडीत काही मॉडिफाय वगैरे केलंय का? टर्बो-बिर्बो? मग हा नाही चालणार हां."

काय सांगू! दैवाने त्या माणसाच्या मुखातून मला शेवटची संधी दिली होती. आणि मी चष्मा नाकावर सारून म्हणालो, "ग्रंथात लिहिले आहे तेच द्यावे. आपले मत मागितलेले नाही."

त्याने चार प्लग काढून दिले.

ते मी ग्रंथोक्त अंतर ठेवून बसवले. जुने चार प्लग? मी कोणतेही हस्तलिखित कधी फेकत नाही, सदोष असले तरी. प्रत्येक प्लग कापसात गुंडाळला, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवला, खोक्यावर चिकटणारा पांढरा कागद लावला आणि त्यावर तांबड्या शाईने वळणदार अक्षरांत लिहिले: "चूक. वापरू नये." खोका ट्रकच्या खणात, पुस्तकाच्या शेजारी.

मग आगाशीपर्यंत फेरी मारली. रिकामा ट्रक, सकाळची वेळ, माझी सात्त्विक गती. इंजिन असे चालले होते, जणू तंबोरा लागला आहे! वाटेत दोन ओळखीचे भेटले, त्यांना थांबवून सांगितले, "भाच्याची गाडी आहे. थोडी दुरुस्ती केली." निनादचा फोन आला तेव्हा मात्र मी मौन पाळले. म्हटले, शनिवारी प्रत्यक्षच अनुभवू दे.

त्याने अनुभवले.

शनिवारी बाराच्या सुमारास पाणी चढले. इनासभाऊ, त्यांची पत्नी रोजाबाय आणि शेजारचे आठदहा जण जमले. उतारावर तेल लावलेल्या फळ्या अंथरल्या, दोर ट्रकला बांधला. निनादने ट्रकचे सुकाणू हाती घेतले आणि मी बाजूला उभा राहिलो, हात पाठीशी, मुखावर निकालाच्या दिवशीचे स्मित.

"होऽऽ, ओढा!"

होडी हलली. हातभर, दोन हात, चार हात. उतार चढू लागला, भार वाढला, निनादने पाय दाबला, टर्बोची शीळ घुमली, आणि ट्रकला उचकी लागली.

एक उचकी. दोन. मग इंजिनातून असा आवाज येऊ लागला, जणू आत कोणी लोखंडी खलबत्त्यात गोटे कुटत आहे. टण, टण, टण!

"मामाऽऽ!" निनादने पाय उचलून इंजिन क्षणात बंद केले. होडी अर्ध्या उतारावर तिरपी. लोकांनी धावत जाऊन तिच्याखाली लाकडे सरकवली. इनासभाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभे, हातात बालदी.

"काय झालं रं?"

"एक मिनिट, काका." निनादने बॉनेट उघडले, इंजिन थोडे निवू दिले, प्लग काढला आणि डोळ्यांसमोर धरला. टोक पांढरेफटक पडले होते, आणि कड वितळू लागली होती.

"मामा."

"बोल."

"प्लग कोणी बदलले?"

"बदलले नाहीत. पूर्ववत केले."

त्याने डोळे मिटले. माझ्या वर्गातली मुले विभक्ती विसरली की मी असाच डोळे मिटत असे.

"मामा, समईची ज्योत संथ हवेत छान जळते. पंखा लावला तर?"

"विझेल."

"टर्बो म्हणजे पंखा. एवढ्या दाबात ठिणगीला लांब उडी जमत नाही, विझते. म्हणून मी अंतर मुद्दाम कमी ठेवलं होतं. उचक्या त्याच्या."

"आणि क्रमांक?"

"माझे प्लग आपली उष्णता पटकन सोडतात, थंड राहतात. तुमचे तापतच जातात, टोक निखाऱ्यासारखं लाल. मग ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. पिस्टन वर येतोय आणि वरनं दणका! ती टणटण ऐकलीत ना? ती ऐकू आली की पहिला पाय काढायचा. अजून थोडं रेटलं असतं तर पिस्टनला भोक पडलं असतं. इंजिन गेलं, होडी गेली!"

"परंतु पुस्तकात स्पष्ट..."

"पुस्तक करेक्ट आहे, मामा. पण ते टर्बो लावायच्या आधीचं आहे!"

मंडळी, 'संदर्भासहित स्पष्टीकरण करा' हा प्रश्न मी छत्तीस वर्षे तपासला. संदर्भ सोडणाऱ्याला एकदाही गुण दिला नाही. आणि आज भर बंदरावर, ओहोटीच्या तोंडावर, माझी उत्तरपत्रिका कोरी.

"पानी उतराय लागलं, मास्तर!" इनासभाऊ ओरडले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती; ते अधिक लागले.

"जुने प्लग कुठायत? फेकलेत ना?" निनादने जवळजवळ रडतच विचारले.

"फेकीन कसे?" मी खणातून खोका काढला.

त्याने वरचा मजकूर वाचला. एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आकाशाकडे. मग हळूच तो कागद सोलून वेगळा केला. "हे राहू दे. कामाला येईल." तो त्याने रोजाबायच्या हातात दिला आणि तिच्या कानात काही पुटपुटला. ती "आगे बाय!" म्हणून तोंडाला पदर लावून हसली. तेव्हा त्याचा अर्थ लावायला मला सवड नव्हती. मी देवाला हाका मारत होतो.

वीस मिनिटांत जुने प्लग बसले. पाणी वीतभर उतरले होते. पुन्हा "होऽऽ", पुन्हा शीळ, आणि या वेळी उचकी नाही, टणटण नाही. होडी फळ्यांवरून सरसरत वर आली आणि इनासभाऊंच्या दारासमोर थांबली. इनासभाऊंनी तिच्या बुडाच्या सुटलेल्या फळीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मी क्षमा मागायला पुढे झालो. माझ्यावर असा प्रसंग विरळा.

"जाव दे मास्तर," रोजाबाय म्हणाली, "चुका कोनाच्या होत नाय?" आणि तिने माझ्या पाठीवर थोपटले. चांगले तळहात दाबून, दोनदा, तीनदा. काय ती माया! मला भरून आले. निनादने तर तोंड समुद्राकडे फिरवले होते आणि त्याचे खांदे हलत होते. म्हटले, पोर हळवे झाले.

हलक्या मनाने मी बाजारातून पायी घरी निघालो. आणि काय आश्चर्य, वसई त्या दिवशी विलक्षण प्रसन्न होती! मी पुढे गेलो की मागून हास्याच्या लहरी. माझा एक माजी विद्यार्थी, आता कोर्टात वकील, मागून येत होता. हात जोडून म्हणाला, "सर, उशिरा का होईना, मान्य केलंत!" काय ते विचारायच्या आत तो रिक्षात बसून गेला.

घरी आलो. पत्नीला म्हणालो, "वसुधा, संकट टळले. आणि लोकांचे प्रेम म्हणशील, तर पाठीवर अजून जाणवते आहे."

"वळा बघू."

वळलो. तिने सदऱ्यावरून काहीतरी सर्रकन ओढून काढले आणि माझ्या डोळ्यांपुढे धरले. पांढरा कागद. तांबडी शाई. "चूक. वापरू नये."

"अक्षर तर तुमचंच आहे," ती शांतपणे म्हणाली. "लग्नाला चाळीस वर्षं झाली. हे तुम्हाला आज कळलं?"