डावाचा हात

माझं जव्हारात कापडाचं दुकान आहे, पण इथून मोखाड्यापर्यंत लोक मला ओळखतात ते आवाजामुळे. जत्रेतल्या कुस्त्यांना माईकवर मीच असतो. कुस्तीतलं मला फारसं काही कळत नाही, आणि हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. माझ्याकडे विशेषणांची एक वही आहे. सरपंच 'विकासपुरुष', देणगी देणारा 'दानशूर', न देणारा 'मनाने मोठा'. तालमीतल्या वस्तादांना मी 'पोरींचा बाप' म्हणायचो, कारण पाड्यापाड्यांतल्या मुलींना मातीत उतरवलं ते त्यांनी. ते विशेषण इतकं रुजलं की लोक त्यांचं नावच विसरले.

मग सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरच्या, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. डाव शिकवायच्या नावाखाली अंगाला नको तसा हात लावतात, आणि नाही म्हटलं की जत्रेच्या यादीतून नाव उडवतात.

त्याच आठवड्यात कुस्ती कमिटीची चार माणसं माझ्या दुकानात बसली होती. जत्रेत वस्तादांचा सत्कार ठरलेला, फेट्यांचं कापड निवडायचं होतं. एकाने हळूच विचारलं, "आता कसं करायचं हो?" बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. चार माणसं बघताहेत म्हटल्यावर माझं उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "अहो, शिकवताना हात लागणारच. कुस्ती काय पोस्टाने शिकवतात?"

हशा पिकला. फेटे गुलाबी ठरले. काउंटरशी एक बाई लुगडं उलगडून बघत होती, ती ते तसंच टाकून निघून गेली. मला तिचाच राग आला. घ्यायचं नाही तर उलगडायचं कशाला?

माझे विनोद एसटीपेक्षा वेळेवर पोचतात. चार दिवसांत ते वाक्य पार खोडाळ्यापर्यंत जाऊन आलं, आणि आठव्या दिवशी ती मुलगी स्वतः दुकानात आली. दुकानात गिऱ्हाइकं होती. ती चपला काढून सरळ गादीवर चढली.

"शेठ, पोस्टाचं तुमीच बोललेत ना?"

"अगं, गंमत होती ती."

"मंग उठा. हात लावू का?"

चार गिऱ्हाइकं टक लावून बघत होती. नाही म्हणायची सोयच नव्हती, म्हणून मी मान हलवली. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी थेट छताचा पंखा बघत होतो. पाठीखाली माझीच पांढरी गादी होती आणि एक गिऱ्हाईक टाळ्या वाजवत होतं.

"ह्यो डावाचा हात," ती म्हणाली. "लागला, सुटला. बघितलंत?"

मला उठवून बसवलं, आणि मग तिने माझं मनगट धरलं. नुसतंच धरलं. मी हसलो. तिने सोडलं नाही. मी पुन्हा हसलो, थोडं कमी. हात ओढून बघितला, सुटेना. माझ्या दुकानात, माझ्या गादीवर मला घाम फुटला.

"सोड ना गं," मी म्हणालो.

"आमी बी असंच बोलायचो," ती म्हणाली, आणि सोडलं.

जत्रेच्या दिवशी वस्ताद गुलाबी फेटा बांधून स्टेजवर मधोमध बसले होते. कुस्त्यांची आमच्याकडे एक रीत आहे. कोण कोणाचा पठ्ठा ते माईकवर सांगितल्याशिवाय जोड लागत नाही. वस्तादांनी कमिटीला सांगून ठेवलं होतं, की ती मुलगी आता आपली पठ्ठी नाही. म्हणजे ती कोणाचीच नाही, आणि जी कोणाचीच नाही तिची कुस्ती नाही. माझ्या हातात यादी आली तेव्हा तिच्या नावावर काट मारलेली होती. ती मात्र आखाड्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिची जोडीदारीण समोर.

मला भीती वाटली. शौर्याचं सोंग आणत नाही. स्टेजवरची सगळी माझी गिऱ्हाइकं होती. मी वही उघडली, तिच्यासाठी एकही विशेषण सापडेना, म्हणून मिटली.

"मंडळी," मी म्हणालो, "शिकवताना हात लागणारच, हे वाक्य माझं. ते मी परत घेतो. डावाचा हात लागतो आणि सुटतो. जो सुटत नाही तो डावाचा नसतो. वस्तादांना पोरींचा बाप मीच केलं होतं, तेही परत घेतो. आता पुढची जोड. ही मुलगी, तिच्या आईची पठ्ठी!"

मातीतल्या म्हाताऱ्या पंचांनी विचारलं, "आई काय कुस्ती खेळते?"

"वैशाखात सूर्यमाळच्या चढाने डोक्यावरून पाणी आणते," मी म्हणालो. "तुम्ही एक हंडा तेवढा वर नेऊन दाखवा, लगेच आईचं नाव मागे घेतो."

लोक हसले, पंचही हसले, आणि ढोलवाल्याने कोणाला न विचारता ढोल सुरू केला. तिने तिसऱ्या मिनिटाला समोरचीला चीत केलं आणि स्टीलचा हंडा जिंकला. मागोमाग आणखी दोन मुली माझ्या कानाशी आल्या. "आमाला बी आईचीच सांगा," म्हणाल्या. वस्ताद उठून गेले. गुलाबी फेटा गर्दीतून बराच वेळ दिसत होता. कापड चांगलंच होतं.

केस अजून चालू आहे.

जत्रेनंतर ती एकदा दुकानावरून जात होती, तिला मी हाक मारली. माझी छाती तेव्हा फुगलेली होती. म्हटलं, तुझ्या आईला माझ्याकडून एक लुगडं ने.

"नको, शेठ. आई नाय घेनार."

"का गं?"

"पोस्टाचं बोलून हसलेत ना, तवा आई हितंच हुती. लुगडं बघत."

ती आई आठवडे बाजाराला येते, समोरच्या दुकानात जाते. मधे रस्ता आहे, बारा पावलांचा. मैदानभर माणसांना ऐकू जाईल असा माझा आवाज, पण तेवढं ओलांडून तिच्याशी दोन शब्द बोलणं मला अजून जमलेलं नाही.